इंटेलिजन्स सार्जंट म्हणजे इंग्रजांचा हेर नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या शौर्यपदकांच्या बातम्यांत आणि सत्काराच्या फलकांवर एक चूक इतक्या वेळा दिसू लागली आहे की काही दिवसांनी ती कोणाला खटकणारही नाही. दुसऱ्या महायुद्धात पायदळाच्या पलटणीत 'इंटेलिजन्स सार्जंट' असलेल्या, किंवा आपल्याकडच्या पलटणीत त्याच कामावरच्या हवालदाराला 'मिलिटरी मेडल' हे ब्रिटिश शौर्यपदक मिळाले, की मराठीत त्याचा सरळ 'गुप्तहेर' होतो. पुढच्या बातमीत तो 'ब्रिटिशांचा गुप्तहेर' असतो आणि गावच्या पारावर पोहोचेपर्यंत 'इंग्रजांचा हेर'. १९२४ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली ज्या बेळगावात काँग्रेसचे अधिवेशन भरले, त्या मुलखात इंग्रजांचा हेर म्हणजे भूमिगतांचा ठावठिकाणा पोलिसांना सांगणारा खबऱ्या. असा अर्थ चिकटल्यावर नातवंडांनी पदक ट्रंकेच्या तळाशी ढकलले तर त्यांना दोष कसा द्यायचा? म्हणून हे थोडे लांबलेले पत्र.

हेर कोणाला म्हणायचे हे युद्धाच्या कायद्याने कधीच ठरवून ठेवले आहे. १९०७ च्या हेग नियमावलीचे २९ वे कलम सांगते की लपूनछपून किंवा खोट्या बतावणीने माहिती काढणारा तो हेर. वेषांतर न करता शत्रूच्या मुलखात शिरून माहिती आणणारा सैनिक हेर नव्हे. पलटणीचा इंटेलिजन्स सार्जंट गणवेशात, बाहीवर तीन फिती लावून, सगळ्यांसमोर काम करीत असे. फौजी बोलीत या विभागाला नुसते 'इंट' म्हणतात. साधारण आठशे माणसांच्या पलटणीत एक अधिकारी, त्याच्या हाताखाली हा सार्जंट आणि बोटांवर मोजता येतील एवढे जवान, इतकाच हा विभाग. समोर कोण आहे, किती आहेत, कुठे आहेत, त्यांच्याजवळ काय आहे, ही उत्तरे त्याने कमांडिंग ऑफिसरच्या नकाशावर वेळेत उतरवायची. मराठीत याला चांगला शब्द आहे, टेहळणी. तो सोडून 'हेर' घ्यायची गरजच नव्हती.

हे काम किती कष्टाचे आणि हिशोबाचे होते ते कळले, की पदक कशाबद्दल मिळाले तेही कळते. दिवसा टेहळणीच्या ठाण्यात दोघे बसत. एकाच्या डोळ्याला दुर्बीण, दुसऱ्याच्या हातात पेन्सिल आणि नोंदवही. वीस पट मोठे दाखवणाऱ्या लांब नळीच्या दुर्बिणीत डोळा लवकर शिणतो, आणि शिणलेल्या डोळ्याला झुडुपेही हलताना दिसतात. म्हणून दर वीस-तीस मिनिटांनी जागा बदलायची. नोंदवहीत वेळ, दिशा, काय दिसले आणि शेरा, एवढेच रकाने. दिसलेले वेगळे आणि त्यावरून केलेला अंदाज वेगळा लिहायचा, हा पहिला नियम. 'तीन माणसे डबे घेऊन ओढ्याकडे गेली' ही नोंद. 'ओढ्यापलीकडे स्वयंपाकघर असावे' हा शेरा. दोन्ही एका वाक्यात मिसळले की वरचा अधिकारी अंदाजालाच पुरावा समजतो. सूर्य समोर असेल तर भिंगाची चकाकी शत्रूला दिसते आणि पुढच्या पाच मिनिटांत त्या जागी तोफगोळे येतात. म्हणून दुर्बिणीच्या तोंडाची सरकती नळी पुढे ओढून ठेवायची आणि ठाणे सावलीत खोल घ्यायचे.

एका ठाण्यावरून शत्रूच्या तोफेची दिशा कळते, जागा नाही. दुसऱ्या ठाण्यावरूनही दिशा घेतली आणि नकाशावर दोन्ही रेषा ओढल्या तर त्या जिथे छेदतात तिथे तोफ. दुसरे ठाणे नसेल तर झोत दिसल्यापासून आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजायचे. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे तीन सेकंदांना एक किलोमीटर. मोजण्यात एक सेकंद चुकला की तोफ ३४० मीटर सरकली. गोळे रिकाम्या शेतात पडायला तेवढे पुरते.

चुका बहुतेक साध्या असत, म्हणूनच महाग पडत. लोखंडी शिरस्त्राण डोक्यावर ठेवून किंवा रायफल खांद्याला लटकवून होकायंत्र डोळ्यापाशी धरले की सुई बहकते. चुंबकीय उत्तर आणि नकाशावरची उत्तर यांतला फरक मिळवायचा की वजा करायचा, यात रात्री घोळ होतो. सहा आकडी नकाशा-संदर्भात आधी पूर्वेचे तीन आकडे, मग उत्तरेचे. उलटे सांगितले तर ठिकाण भलत्याच टेकडीवर जाते, आणि तिथे आपलीच माणसे असू शकतात. आपल्याकडच्या एक इंची (इंचाला एक मैल) नकाशांची चौकट हजार यार्डांची, म्हणून सहा आकड्यांनी शंभर यार्डांपर्यंतच अचूकता मिळते. त्याहून बारीक जागा सांगायची तर शब्दांत खूण द्यावी लागे: वळणावरचे पडके घर, पुलाचा डावा खांब.

रात्रीच्या गस्तीवर निघताना खिशातले पत्र, पलटणीची खूण आणि आपल्या जागा दाखवणारा नकाशा मागे ठेवायचा. परतल्यावर झोपण्याआधी अहवाल द्यायचा, कारण झोपेनंतर वेळा आणि अंतरे आपोआप गोल होतात. 'सव्वाशे पावले' सकाळी 'शंभरेक' होऊन येतात. कैदी सापडला तर जागच्या जागी झडती, कागद वेगळे बांधून त्यावर कुठे, कधी, कोणाकडे मिळाले याची चिठ्ठी, आणि लगेच मागे ब्रिगेडकडे रवानगी. आठवण म्हणून कोणी खांद्यावरची पट्टी किंवा ओळखपत्र खिशात घातले तर समोर कोणती पलटण आहे ते कळण्याचे साधनच गेले. हल्ल्याच्या आदल्या रात्री हाच विभाग पुढे जाऊन पांढरी फीत अंथरी. कंपन्यांनी अंधारात त्या फितीवर येऊन रांग धरायची. फीत दहा अंश चुकली तर पहाटे दोन कंपन्या एकमेकींच्या अंगावर जातात. ती अंथरणारा माणूस त्या वेळी शत्रूच्या सगळ्यात जवळ असतो आणि हातात बंदुकीऐवजी फितीचे रीळ असते.

बहुतेक शौर्य घडते ते मात्र तार तुटल्यावर. गोळाबारात टेलिफोनची तार सर्वांत आधी जाते. माहिती आहे, पण मागे पोहोचत नाही, आणि तासाभराने ती शिळी होणार. कॅनडाच्या सार्जंट टॉमी प्रिन्सचे उदाहरण जगभर दिले जाते. तो पलटणीच्या इंट विभागातला नव्हता, कॅनडा आणि अमेरिकेच्या संयुक्त दलातला होता. काम मात्र हेच. फेब्रुवारी १९४४ मध्ये इटलीत अँझिओच्या मोर्चावर शत्रूपासून सुमारे २०० मीटरवरच्या ओस शेतघरात तो बसला होता. मागे जवळजवळ दीड किलोमीटर तार ओढून आणलेली. ती तुटली तेव्हा शेतकऱ्याचे कपडे चढवून तो दिवसाढवळ्या शेतात उतरला, खुरपण्याची बतावणी करीत तुटल्या जागी गेला आणि बुटाची नाडी बांधण्याच्या मिषाने तार जोडून परतला. त्याबद्दल मिलिटरी मेडल. गंमत अशी की वर सांगितलेल्या २९ व्या कलमाखाली त्या तासाभरापुरते त्याला हेर ठरवता आले असते. पकडला जाता तर युद्धकैद्याचे संरक्षण गेले असते. पण वेषांतर हा अपवाद होता. रोजचे काम गणवेशातलेच.

आपल्या मराठा पलटणीतही निरोप आणि माहिती पोहोचवणाऱ्यांचा मान मोठा आहे. बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरमध्ये ज्यांचे नाव आदराने घेतले जाते ते व्हिक्टोरिया क्रॉस विजेते नामदेव जाधव कंपनीचे रनर होते. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत सेनिओ नदीवर त्यांनी दोन जखमींना पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून पार नेले आणि मग शत्रूची मशीनगनची ठाणी मोडली. रनरला 'हरकाम्या' म्हणणे जितके चूक, तितकेच इंट हवालदाराला हेर म्हणणे.

आता पदकाकडे. घरात सापडलेले प्रत्येक पदक शौर्यपदक नसते, आणि हे सांगताना वाईट वाटते, पण बातमी देण्याआधी पाहायलाच हवे. मिलिटरी मेडल २५ मार्च १९१६ रोजी सुरू झाले आणि १९९३ मध्ये बंद झाले. चांदीचे, गोल, व्यास ३६ मिलिमीटर. एका बाजूस राजाचे चित्र, दुसऱ्या बाजूस पानांच्या वेढ्यात मुकुट, राजाची आद्याक्षरे आणि 'रणभूमीवरील शौर्याबद्दल' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या चार ओळी. फीत गडद निळी, मधोमध तीन पांढऱ्या आणि दोन किरमिजी रेघा. हिंदी फौजेच्या जवानांना हे पदक १९४४ पासून मिळू लागले. त्यामुळे 'आजोबांना मेसोपोटेमियात मिलिटरी मेडल मिळाले' असे घरात सांगत असतील तर पदक पुन्हा पाहावे. ते १९०७ मध्ये सुरू झालेले इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल असण्याचा संभव जास्त. त्याची फीत निळी आणि मध्ये एकच रुंद किरमिजी पट्टा. हिंदी जवानांच्या दृष्टीने ते काही कमी मानाचे नव्हे, आणि संख्येने फार विरळ. मिलिटरी मेडल एकट्या पहिल्या महायुद्धात एक लाखाहून अधिक वाटले गेले.

उलट बाजूला नागवा घोडेस्वार आणि १९१४, १९१८ हे आकडे असतील तर ते मोहिमेत असलेल्या सर्वांना मिळालेले ब्रिटिश वॉर मेडल. दोन डोक्यांच्या राक्षसी प्राण्यावर उभा सिंह आणि १९३९, १९४५ असे असेल तर दुसऱ्या युद्धाचे वॉर मेडल. हिंदुस्थानचा नकाशा असेल तर इंडिया सर्व्हिस मेडल. दुसऱ्या युद्धाची ही दोन्ही तांब्या-निकेलच्या मिश्रधातूची आहेत आणि मोहिमेचे तारे, म्हणजे ताऱ्याच्या आकाराची पदके, पिवळसर धातूचे. म्हणून त्या युद्धाच्या फितीवरच्या ओळीत एकच पदक चांदीचे काळे पडलेले दिसले तर आधी त्याची कड वाचावी.

सगळा पुरावा कडेवर असतो: नंबर, हुद्दा, नाव, पलटण. वाचताना पदक घासायचे नाही. अंधाऱ्या खोलीत मोबाइलची बॅटरी बाजूने, जवळजवळ आडवी धरायची आणि पदक थोडे थोडे फिरवीत आठ-दहा फोटो काढायचे. समोरून प्रकाश टाकला की अक्षरे बुजतात. कडेवरचा हुद्दा शौर्य घडले त्या वेळचा असतो. घरात 'सुभेदार' म्हणत असतील आणि कडेवर 'नाईक' असेल तर पदक खोटे ठरत नाही, आजोबा पुढे चढले एवढेच. खोटेपणाची खूण वेगळी. जुने नाव घासून दुसरे कोरले असेल तर व्यास किंचित कमी भरतो आणि कड चापट लागते. उद्यमबागेतल्या कोणत्याही वर्कशॉपमध्ये व्हर्निअर (बारीक माप घ्यायचे साधन) मिळेल, पदकाच्या तीन जागी मापावे. ओतीव नकलेवर सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसतात. फाउंड्रीतल्या माणसाला ते क्षणात कळतात. दुसऱ्या युद्धाचे मोहिमेचे तारे ब्रिटनमध्ये बिननावाचे दिले गेले, हिंदी जवानांना मात्र नाव घालून दिले. तेव्हा ताऱ्यांच्या पाठी आणि पदकांच्या कडा, सगळ्यांवरचे नंबर जुळवून पाहावेत.

नाव शोधताना नंबर धरून शोधावे, आडनाव धरून नव्हे. इंग्रज कारकुनाने जाधव तीन तऱ्हांनी लिहिला आहे, पाटलांचे तर विचारूच नका. कित्येकदा नुसते नाव आणि वडिलांचे नाव आहे, आडनावच नाही. पत्त्याचाही घोळ होतो. कागदांत 'बेळगाव, मुंबई प्रांत' असे असते, कारण १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत जिल्हा मुंबईकडेच होता. चंदगड तेव्हा बेळगाव जिल्ह्यात होते. चंदगडच्या माणसाला कोल्हापूरच्या यादीत शोधून तो सापडणार नाही. गडहिंग्लजचा माणूस कोल्हापूर संस्थानच्या नावाने लागेल. नव्या 'बेळगावी' या स्पेलिंगने जुन्या यादीत शोधणाऱ्यांना काहीच मिळत नाही, यात नवल नाही.

लंडन गॅझेट या ब्रिटिश सरकारी राजपत्रात मिलिटरी मेडलच्या बाबतीत साधारणपणे नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण एवढेच छापले जाई. पराक्रम काय होता ते शिफारसपत्रात असते. त्या छापील फॉर्मचा क्रमांक डब्ल्यू ३१२१. पलटण, ब्रिगेड, डिव्हिजन, नाव, आणि मोठ्या रकान्यात कामगिरी, तारीख व ठिकाणासह. खाली कमांडिंग ऑफिसरपासून ब्रिगेड, डिव्हिजन, कोअर, आर्मी अशा एकेक पायरीच्या सह्या. कधी मोठे पदक लिहून ते खोडून खाली मिलिटरी मेडल लिहिलेले आढळते; शिफारस वरच्या पायरीवर उतरवली गेली असा त्याचा अर्थ. दुसऱ्या महायुद्धाची ही पत्रे लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये डब्ल्यूओ (वॉर ऑफिस) ३७३ या मालिकेत आहेत आणि नावाने शोधता येतात. पहिल्या युद्धातल्या बहुतेक शिफारशी १९४० च्या बॉम्बहल्ल्यात जळाल्या. त्यांच्यासाठी पलटणीच्या रोजनिशीचाच आधार.

आणि ही रोजनिशी लिहिण्याचे काम बहुधा याच विभागाकडे असे. तिच्या फॉर्मवर, सी २११८ वर, पहिल्या महायुद्धात छापील मथळाच होता: 'वॉर डायरी किंवा इंटेलिजन्स समरी', नको ते खोडा. हवालदाराला हेर समजून पोलिसांच्या गुप्त विभागाचे कागद धुंडाळणाऱ्यांना म्हणूनच काही सापडत नाही. त्याचे काम पलटणीच्या दैनंदिन नोंदीत आहे. इटलीतल्या पलटणींच्या रोजनिशा डब्ल्यूओ १७० मध्ये, ब्रह्मदेशाच्या आघाडीच्या १७२ मध्ये, मध्यपूर्वेच्या १६९ मध्ये. आपल्याकडे संरक्षण मंत्रालयाने जून २०२१ मध्ये धोरण ठरवले आहे की युद्धाच्या रोजनिशा आणि तत्सम कागद साधारणपणे २५ वर्षांनी खुले करायचे. मराठा पलटणीतल्या माणसाच्या सेवेची चौकशी करायची असेल तर रेजिमेंटचे रेकॉर्ड ऑफिस आपल्या बेळगावातच आहे. अर्जात नंबर, पलटण, भरतीचे अंदाजे साल, मूळ गाव आणि तेव्हाचा तालुका लिहावा, डिस्चार्जच्या कागदाची झेरॉक्स जोडावी. नुसते 'आमचे आजोबा मराठा पलटणीत होते' लिहून पाठवलेला अर्ज पुढे सरकत नाही आणि त्यात ऑफिसचा दोष नाही.

सांभाळण्याबद्दल थोडक्यात. चांदी काळी पडते ती गंधकामुळे. लोकर, रबरबँड, वर्तमानपत्राचा कागद (आपल्या अंकाचाही, माफ करा) यांत गुंडाळू नये. भांडी घासायची पावडर, चिंच, रांगोळी यांनी पदक लखलखते आणि दरवेळी अक्षरांचा थोडा थर जातो; पन्नास दसऱ्यांनंतर कड गुळगुळीत होते. फेव्हिकॉलने फ्रेममध्ये चिकटवले की मागची बाजू आणि कड दोन्ही गेल्या. टाका घालून लॉकेट करून घेतले तर तो टाका काढताना नक्षी वितळते. जुनी फीत फाटकी असली तरी टाकू नये, नवी लावायची तर जुनी पाकिटात सोबत ठेवावी. पदके भावाभावांत वाटून घेणे सर्वांत वाईट. एकाकडे शौर्यपदक, दुसऱ्याकडे तारे, तिसऱ्याकडे कागद, असे झाले की नंबर जुळवायला कोणाकडेच काही उरत नाही. वाटणी करायचीच तर फोटोंची करावी.

सराफाकडे ब्रिटिश वॉर मेडल म्हणजे जेमतेम पावणेतीन तोळे चांदी. मोडीत गेलेल्यांची गणती नाही. परदेशी लिलावात पाठवायचा विचार करणाऱ्यांनी १९७२ चा पुरावस्तू कायदा आधी पाहावा. शंभर वर्षे झालेली ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि तशा महत्त्वाच्या हस्तलिखितांना व कागदांना ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. पहिल्या युद्धाची पदके या मर्यादेपलीकडे कधीच गेली. टॉमी प्रिन्सची पदके विकली गेली होती आणि २००१ मध्ये नातलगांना ती लिलावात बोली लावून परत घ्यावी लागली, हेही ध्यानात असू द्यावे.

संपादक महोदय, यापुढे असा फोटो छापताना खाली एवढे पुरेल: 'सार्जंट (किंवा हवालदार), टेहळणी विभाग, अमुक पलटण; मिलिटरी मेडल, दुसरे महायुद्ध'. शिफारसपत्र पाहिले असेल तर ठिकाण आणि तारीख घालावी, पाहिले नसेल तर पराक्रमाचे वर्णन गाळावे. आणि ज्यांच्याविषयी 'हेर' छापून गेले आहे त्यांची दुरुस्ती त्याच पानावर, तेवढ्याच अक्षरांत द्यावी.

आपले,
जुनी पदके व पलटणींचे कागद वाचणारे काही वाचक,
बेळगाव, खानापूर, निपाणी